व्हेरिएशन्समध्ये मूळ चाल जाते कुठे?

अर्धा_कप
मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या. परवा ऑफिसातला एक मित्र मला मुंबईत पियानोच्या कार्यक्रमाला घेऊन गेला. एक माणूस, एक पियानो आणि एकच रचना, जर्मन संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (व्हेरिएशन म्हणजे एकाच चालीचं बदललेलं रूप, मित्राने सांगितलं). मध्यंतर नाही, सव्वा तास सलग. सुरुवातीला 'आरिया' म्हणून एक तुकडा वाजला, तो इतका शांत आणि गोड की मी मनात म्हटलं चला, जमतंय आपल्याला हे. मग व्हेरिएशन्स सुरू झाली आणि मी त्या आरियाची चाल शोधायला लागले. पहिल्यात नाही. दुसऱ्यात नाही. पाचव्यात त्याचे हात एकमेकांवरून असे उड्या मारायला लागले की मी चाल सोडून हातच बघत बसले. पंधरावं संपलं तेव्हा हॉलमध्ये इतकी शांतता झाली की मला वाटलं झालं, संपलं, आणि मी टाळी वाजवली. एकटीने. दोन वाजल्या, तिसरी हवेत थांबवली.

शेवटी तीच आरिया जशीच्या तशी परत आली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण मधल्या तीस तुकड्यांचं तिच्याशी नातं काय ते मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन मोझार्टची ट्विंकल ट्विंकलवरची व्हेरिएशन्स ऐकली, तिथे कुठेही थांबवा, चाल बोट ठेवून दाखवता येते. मग बाखने बदललंय तरी काय?

ता. क. मी गाणं शिकलेली नाही. सासरे भजनी मंडळात पेटी वाजवतात एवढाच घराचा सुरांशी संबंध. स्टाफ नोटेशन दाखवलंत तर मी धागा सोडून पळून जाईन.

उगाच_कोणीतरी
त्या दोन टाळ्या तुमच्या होत्या?! मी मागे बसलो होतो, हात वर गेलेच होते, तुम्ही थांबलात म्हणून वाचलो. आभारी आहे.

काडेपेटी
उत्तर सोपं आहे. संबंध नाही. दर तिसरा तुकडा कॅनन (एका आवाजाची ओळ दुसरा मागून म्हणतो तो प्रकार), आरियाचे बार (मात्रांचे छोटे गट) ३२, एकूण तुकडे ३२, हे संगीत आहे की जीएसटीचं रिटर्न? (घ्या, काडी टाकली, आता शेका.)

खर्जातला_सा
अर्धा_कप, तुम्ही उजव्या हाताचं ऐकत होतात, सगळेच तिथे फसतात, मीही दोन वर्षं फसलो होतो. आरियात उजव्या हाताची जी नक्षीदार गोड चाल आहे ती बाख पहिल्या पानावर ठेवून चक्क विसरून जातो. तो धरून ठेवतो ते डाव्या हाताचं, खालचं. आरियाच्या पहिल्या आठ बारांत खाली, प्रत्येक बारला एक, असे आठ सूर आहेत. नोटेशन नको म्हणालात म्हणून सरगमीत देतो:

सा नी ध प | ग म प सा

बस. सगळे शुद्ध, खालच्या सप्तकात. पुढचे चोवीस बार असेच आठ-आठच्या तीन तुकड्यांत पुढे जातात आणि हा बत्तीस बारांचा सांगाडा तीसच्या तीस व्हेरिएशन्सच्या खाली आहे. कधी उघडा, कधी इतका नटवलेला की ओळखू येत नाही, पण जागच्या जागी. वरती बाख काय वाट्टेल ते करतो, नाच, फ्यूग (आवाजांचा एकमेकांमागे पाठलाग), ओव्हर्चर (थाटाची सुरुवात), विलाप, सगळं. तेव्हा चाल शोधू नका, खालून चालणारे पाय ऐका.

सातमात्रा
मी तबलजी माणूस, पाश्चात्त्य संगीतातलं फार कळत नाही, पण खर्जातला_सा यांचा प्रतिसाद वाचून एकदम ट्यूब पेटली. हा तर लेहरा झाला! तबला सोलोला पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच लेहरा तासभर वाजवत बसतो, न बदलता, आणि तबल्यावर पेशकार, कायदे, रेले, गती सगळं त्याच्या वर होतं. लेहरा कोणी ऐकायला येत नाही पण तो सुटला तर तबलजी उताणा. आणि कायद्याचे पलटे म्हणजे व्हेरिएशन्सच की, कायद्यात जे बोल आहेत त्याच बोलांची उलटापालट करायची, बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी मोडायची नाही.

खर्जातला_सा
सातमात्रा, उपमा आवडली, फक्त एक फरक. लेहरा सतत ऐकू येतो, बाखचा खर्ज स्वतः व्हेरिएशनमध्ये भाग घेतो. म्हणजे लेहरा धरणाराच मधेच तबल्याशी गप्पा मारायला लागला असं समजा.

मुक्काम_म्युनिक
लेहऱ्यासारखी न बदलणारी चाल हवी असेल तर हायडन ऐका. ओपस (रचना क्रमांक) ७६ मधलं तिसरं क्वार्टेट (दोन व्हायोलिन, थोडी मोठी व्हिओला आणि चेलो), १७९७ च्या सुमाराचं, त्याची दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग. चाल हायडनची स्वतःची, ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी रचलेली, म्हणून क्वार्टेटला 'एम्परर' म्हणतात. सरगमीत सुरुवात: सा रे ग रे म ग रे नी सा. हीच चाल आज जर्मनीचं राष्ट्रगीत आहे, इथे फुटबॉल मॅचच्या आधी ऐकतो तेव्हा मला स्टेडियमऐवजी चार खुर्च्या आणि चार स्टँड दिसतात.

मी इथल्या हौशी मंडळींबरोबर व्हिओला वाजवतो (विनोद करायचे असतील तर आत्ताच उरकून घ्या, आम्हाला सवय आहे). या मूव्हमेंटमध्ये चार व्हेरिएशन्स आहेत आणि चारही वेळा चाल जवळजवळ जशीच्या तशी राहते, बदलतो तो वाजवणारा. पहिल्यात चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे आणि पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती वेलबुट्टी काढतं. तेव्हा आम्ही दोघं, मी आणि चेलोवाली, बो मांडीवर ठेवून नुसते बसलेले असतो. दुसऱ्यात चेलो. तिसऱ्यात, ढॅणटॅढॅण, व्हिओला! आयुष्यभर मधल्या सुरात ठक ठक करत बसणाऱ्या माणसाच्या हातात अख्खी चाल येते आणि बाकीचे तिघं तिच्याभोवती असे सूर गुंफतात की क्षणभर वाटतं आपणच सम्राट. मागच्या हिवाळ्यात आम्ही हे एका मित्राच्या दिवाणखान्यात वाजवलं, माझं व्हेरिएशन सुरू झालं आणि तिसऱ्या बारला स्वयंपाकघरातल्या ओव्हनची घंटा वाजली. यजमानीण केक काढायला उठली, तिच्यामागे नवरा उठला, श्रोते पाचच होते. चौथ्या व्हेरिएशनला, म्हणजे चाल परत पहिल्या व्हायोलिनकडे गेल्यावर, सगळे जागेवर परत.

उगाच_कोणीतरी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). व्हिओलावाल्यांचं नशीब.

कोकमसार
मुक्काम_म्युनिक दादा, पुढच्या वेळी केक आधी खायचा.

मूळ प्रश्नाबद्दल माझा अनुभव. आम्ही गोव्याचे, आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकलेले, घरात अपराइट पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या पोटात, खालची फळी काढून, एक पिवळा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचे, नाहीतर पट्ट्या फुगून दाबल्या की वरच येत नसत. ट्यूनर गणपतीनंतर येतो म्हणायचा आणि नाताळला उगवायचा. तर अशा पियानोवर मी परीक्षेसाठी बीथोवनची 'नेल कोर प्यू' वरची सहा व्हेरिएशन्स बसवत होते. चाल पाइसिएल्लो या इटालियन माणसाच्या ऑपेरातली, साधी, गोड. माझ्या टीचर एक विचित्र गोष्ट करायला लावायच्या, बोटांनी व्हेरिएशन वाजवायचं आणि तोंडाने मूळ चाल गायची. सुरुवातीला रडू यायचं. चौथं मायनरमध्ये आहे, तिथे बोटं कोमल गंधारावर आणि तोंड शुद्धवर, टीचर डोक्याला हात लावायच्या. पण तीन आठवड्यांनी असं झालं की मी वाजवताना गात नव्हते तरी चाल डोक्यात चालू असायची आणि बोटं तिच्याशी खेळतायत हे कळायचं. व्हेरिएशन ऐकायची युक्ती मला तरी एवढीच माहीत आहे, मूळ गोष्ट मनात चालू ठेवायची.

काडेपेटी
म्हणजे ऐकणाऱ्याने काम करायचं आणि पैसे पण द्यायचे. छान.

पाटीवरची_रेघ
उखाणा! कोणी म्हटलं कसं नाही अजून? शेवटी नाव आलंच पाहिजे, वृत्त-यमक जमलं पाहिजे, बाकी महादेवाची पिंड आणा नाहीतर फ्रीजमधली कोथिंबीर आणा. आरियाचे सूर म्हणजे रावांचं नाव.

कोकमसार
मोदक, म्हणजे अनुमोदन! आणि हे शास्त्रालाही धरून आहे बरं, प्रत्येक भागाच्या शेवटी ठरलेल्या सुरावर येऊन टेकावंच लागतं.

खुर्ची_मोडकी
गोल्डबर्गचा धागा आणि इतके प्रतिसाद होऊन ग्लेन गूल्डचं नाव नाही? धिक्कार. १९५५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या स्टुडिओत २२ वर्षांचा कॅनेडियन पोरगा ही रचना वाजवतो, ३८ मिनिटांच्या आसपास, पुनरावृत्त्या गाळून, काही व्हेरिएशन्स इतक्या वेगात की विश्वास बसत नाही. तोपर्यंत हे म्हणजे अभ्यासकांचं आणि हार्पसिकॉर्डवाल्यांचं (पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य) प्रकरण समजलं जायचं. मग १९८१ ला त्याच स्टुडिओत तो ते परत वाजवतो, ५१ मिनिटं, आरिया इतकी संथ की प्रत्येक सूर टेबलावर ठेवून दाखवल्यासारखा. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला, पन्नास पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बसायला वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली खुर्ची, आयुष्यभर तीच. आणि वाजवताना गुणगुणायचा, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

अर्धा_कप, तुम्ही ८१ चं ऐका. खर्ज तिथेच सापडेल.

दोन_मजली
गूल्ड ठीक आहे हो, पण ही रचना मुळात पियानोची नाहीच. १७४१ मध्ये छापली तेव्हा बाखने स्वच्छ लिहिलंय, दोन मॅन्युअलच्या हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे एकावर एक असे दोन कीबोर्ड. बऱ्याच व्हेरिएशन्समध्ये दोन्ही हात त्याच जागेत खेळतात, एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या, कोणाचा कोणाला त्रास नाही. पियानोला मजला एकच. म्हणून तुम्हाला हातांची ती मारामारी दिसली. मी वीस नंबरचं पियानोवर करून बघितलंय, डावा हात उजव्याच्या पोटाखालून काढायचा की पाठीवरून न्यायचा हे आधी पेन्सिलीने लिहून ठेवावं लागतं, आणि ऐन वेळी उजवी करंगळी डाव्याच्या अंगठ्यावर बसतेच. दोन्ही हात माझेच असून एकमेकांना शिव्या देतात.

पाटीवरची_रेघ
ती झोपेची गोष्ट खरी का? कोणी राजदूत, त्याला झोप लागायची नाही, गोल्डबर्ग नावाचा मुलगा रात्री हे वाजवून दाखवायचा वगैरे.

खर्जातला_सा
गोष्ट फोर्केलने बाखच्या चरित्रात लिहिली, १८०२ मध्ये, म्हणजे छापल्यानंतर साठेक वर्षांनी. राजदूत कायझरलिंक, बक्षीस म्हणे सोन्याच्या पेल्यात शंभर सुवर्णमुद्रा. पण छापील प्रतीवर त्याला अर्पण केल्याचा उल्लेख नाही आणि गोल्डबर्गचा जन्म १७२७ चा, म्हणजे तेव्हा तो चौदा वर्षांचा. अशक्य नाही, पण बहुतेक जाणकार हात झटकतात. मुखपृष्ठावर बाखने लिहिलंय ते एवढंच, रसिकांच्या मनाच्या विरंगुळ्यासाठी. आणि नावात तो 'व्हेरिएशन्स' म्हणतच नाही, म्हणतो 'फेरेंडेरुंगन'. म्युनिकवाले सांगतील.

मुक्काम_म्युनिक
फेरेंडेरुंग म्हणजे बदल, साधा रोजचा शब्द. मराठीत सातमात्रांचा 'पलटा' जास्त चपखल वाटतो मला. गोल्डबर्ग पलटे. घराण्याचं नाव वाटतं.

सातमात्रा
फरुखाबाद, अजराडा, गोल्डबर्ग. चालेल.

काडेपेटी
बरं, मी थोडा मवाळ होतो. पण मला अजून हे कळत नाही की एवढं गणित घालून माणूस सांगतो काय? ख्यालात रागाचा भाव असतो. इथे दर तिसऱ्याला कॅनन हे ऐकून माझ्या काळजाला काय होणार?

खर्जातला_सा
कॅननचं गणित माहीत नसलं तरी चालतं. माहीत असलं तर मजा अशी: एक आवाज सुरू होतो, दुसरा तीच ओळ मागून म्हणतो. तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये त्याच सुरावरून, सहाव्यात एक सूर वरून, नवव्यात आणखी एक सूर पुढे, असं करत सत्ताविसाव्यात नवव्या सुरापर्यंत. आणि अर्धा_कप यांची टाळी पडली त्या पंधराव्यात दुसरा आवाज उलटा चालतो, पहिला उतरला की हा चढतो. ते पहिलं कोमल स्वरांचं, मायनरमधलं व्हेरिएशन आहे. शेवटी उजवा हात एकटाच वर वर चढतो आणि पंचमावर लटकत राहतो, खाली काहीच नाही. तिथे टाळी वाजवावी की रडावं की घरी जावं हे कोणालाच कळत नाही, तेव्हा टाळीबद्दल अजिबात वाईट वाटून घेऊ नका. सोळावं धाडकन ओव्हर्चरने सुरू होतं, रचनेचा दुसरा अर्धा भाग तिथून.

काळजाचं म्हणाल तर पंचविसावं ऐका. हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोवस्का त्याला काळा मोती म्हणायची. तिथे खालचा खर्ज ते मधले कोमल स्वर भरत, एकेक अर्धा सूर सरपटत खाली येतो. सांगाडा तोच, बत्तीस बार तेच.

आणि गणिताचा कंटाळा खुद्द बाखलाही येत असावा. तिसावं व्हेरिएशन पुढच्या हिशोबाने दहाव्या सुराचा कॅनन असायला हवं होतं. त्याऐवजी त्याने दोन गावठी गाणी एकत्र बांधून टाकली. एकाचा अर्थ, तुझ्याकडे येऊन फार दिवस झाले. दुसऱ्याचा, कोबी आणि सलगमनी मला पळवून लावलं, आईने मटण शिजवलं असतं तर राहिलो असतो.

उगाच_कोणीतरी
हा बाख आपला माणूस आहे.

काडेपेटी
कोबीला मात्र माझा पाठिंबा नाही. बाकी शरण आलो.

दोन_मजली
काडेपेटी, तुम्ही बीथोवनची डियाबेल्ली व्हेरिएशन्स ऐकाच, तुमच्या स्वभावाला तीच लागू. १८१९ मध्ये व्हिएन्नाचा प्रकाशक अँटन डियाबेल्लीने स्वतःचा एक वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) बऱ्याच संगीतकारांना पाठवला, प्रत्येकी एक व्हेरिएशन द्या, पुस्तक काढतो. शूबर्टने दिलं, चर्नीने दिलं, शेवटी पन्नास जणांची भरली, त्यात लिस्ट नावाचा एक लहान मुलगाही होता. बीथोवनने त्या वॉल्ट्झला मोच्याचं ठिगळ म्हटलं असं त्याचा सचिव शिंडलर सांगतो, पण या शिंडलरने बीथोवनच्या संभाषणवह्यांत (त्याला ऐकू येत नसे म्हणून लोक लिहून बोलत त्या) स्वतःच्या पदरच्या नोंदी घातल्याचं उघड झालंय, तेव्हा ते सोडा. खरं हे की बीथोवनने एक मागितलं तिथे तेहतीस दिली, १८२३ मध्ये पुरी केली. मधे काही वर्षं ठेवून दिली होती, मिसा सोलेम्निस ही मोठी चर्चरचना लिहायची होती म्हणून.

वॉल्ट्झ खरंच साधारण आहे. उजव्या हाताला एकच कॉर्ड टण टण टण टण दहा वेळा. बीथोवन त्या सामान्यपणावरच हात ठेवतो. पहिलंच व्हेरिएशन मार्च, वॉल्ट्झच्या तीन मात्रा गायब. तेराव्यात एक झटका, मग नुसती शांतता, मग झटका, वाजवणारा विसरला की काय असं वाटतं. बावीसमध्ये त्याला दिसतं की वॉल्ट्झचा खालचा सांधा मोझार्टच्या 'दोन जोव्हान्नी'तल्या नोकराच्या गाण्यासारखा आहे, रात्रंदिवस राबायचं आणि मालकाला किंमत नाही, तर तो ते गाणंच तिथे आणून बसवतो. आपल्याला डियाबेल्लीने राबवलं असा टोमणा असेल का? माझा अंदाज, पुरावा नाही. आणि एवढी चेष्टा करत करत शेवटी मायनरमधली तीन, मग प्रचंड फ्यूग, आणि सगळ्यात शेवटी एक हलका मिन्युएट, जणू काही झालंच नाही.

म्हणजे बाखने उत्तम चाल घेतली आणि तिचे पाय ठेवले, बीथोवनने टाकाऊ चाल घेतली आणि तिची प्रत्येक खोड ठेवली.

कोकमसार
वा! हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

सातमात्रा
बीथोवनची ती शेवटची सोनाटा, ओपस १११, दोन मूव्हमेंटवाली. तिची दुसरी मूव्हमेंट, आरिएत्ता, मला एका विद्यार्थ्याने ऐकवली होती, म्हणाला सर यात जॅझ आहे. जॅझ वगैरे मला कळलं नाही, मी आपला मांडीवर हात ठेवून मात्रा मोजत होतो. मूळ चाल विलंबित. पहिलं व्हेरिएशन, सूर जास्त. दुसरं, आणखी जास्त. तिसरं, बापरे, ते उड्या मारणारं, तो म्हणतो ते जॅझ. आणि माझा हात मांडीवर त्याच लयीत पडतोय! लय तसूभरही वाढवलेली नाही, नुसती दून, मग चौगुण, मग अठगुण. हे त्याने मुद्दाम लिहून ठेवलंय का कोणी सांगेल का?

खर्जातला_सा
लिहिलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हेरिएशनवर 'लिस्तेस्सो तेम्पो', म्हणजे लय तीच. तरी सगळे पियानिस्ट पळतातच. आणि ही युक्ती जुनी आहे, हँडेलच्या १७२० साली छापलेल्या पाचव्या सुइटमध्ये एक चाल आणि तिची पाच व्हेरिएशन्स आहेत, लोक त्याला हार्मोनियस ब्लॅकस्मिथ म्हणतात. आधी उजव्या हाताला सूर वाढतात, मग डाव्या, मग तिप्पट उजव्या, तिप्पट डाव्या, शेवटी दोन्ही हातांनी धुवाधार. त्या काळी अशा व्हेरिएशनला शब्दच होता 'डूब्ल'. डबल. दून.

सातमात्रा
आता झोप येणार नाही. कायझरलिंकला बोलवा.

मुक्काम_म्युनिक
चेंबरमधलं अजून एक, मग थांबतो. शूबर्टचं ट्राउट क्विंटेट, १८१९. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास आणि पियानो. चौथी मूव्हमेंट त्याच्याच गाण्यावरची व्हेरिएशन्स, गाण्यात मासेमार पाणी गढूळ करून मासा पकडतो. मूळ गाण्यात पियानोची एक खळखळणारी लकेर आहे, ओढ्याच्या पाण्यासारखी, सगळ्यांना गाणं आठवतं ते तिच्यामुळे. इथे शूबर्ट चाल आधी नुसत्या तारवाद्यांना देतो, ती लकेर नाही. मग व्हेरिएशन्स, एकात पियानो सुसाट सुटतो आणि चाल बिचाऱ्या चेलो-डबल बासवर, एकात वादळ. आणि अगदी शेवटी, सगळं झाल्यावर, ती लकेर येते. म्हणजे मूळ रूप शेवटी, व्हेरिएशन्स आधी. उलटी गंगा.

खुर्ची_मोडकी
अवांतर: कार्यक्रमात खोकणाऱ्यांसाठी. रखमानिनॉफने १९३१ मध्ये 'कोरेल्लीच्या चालीवर' वीस व्हेरिएशन्स लिहिली (चाल कोरेल्लीची नाहीच, 'ला फोलिया' नावाची जुनी आहे). मित्राला, मेट्नरला, पत्रात लिहितो की मी वाजवताना खोकल्यावर लक्ष ठेवतो, खोकला वाढला की पुढचं व्हेरिएशन गाळतो, कमी झाला की क्रमाने वाजवतो. एका गावात म्हणे इतके खोकले की वीसपैकी दहाच वाजवली.

उगाच_कोणीतरी
आपल्याकडे डिसेंबरात वाजवलं असतं तर चाल वाजवून थेट गाडीत बसला असता.

पाटीवरची_रेघ
धागाकर्ती कुठे गेल्या? प्रश्न विचारून गायब.

अर्धा_कप
आहे आहे, सगळं वाचतेय, घरात प्रयोग चालू होता म्हणून उशीर.

खर्जातला_सा यांचे ते आठ सूर मी सासऱ्यांना, अप्पांना, दाखवले. म्हणाले, हे काय, कुठल्या अभंगाचं? मी म्हटलं जर्मन आहे. पेटी काढली. फोनवर गूल्डचं ८१ चं लावलं, खुर्ची_मोडकी यांच्या सांगण्यावरून. अप्पांनी दोन पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाले पांढरी पाच. मग तिथे सा धरून सा नी ध प ग म प सा, एकेका सुरावर तीन-तीन मात्रा, भाता हळू हळू. आमची पेटी किंचित उतरलेली आहे, जरा घासल्यासारखं होत होतं, पण पहिल्या आठ बारांना डाव्या हाताखाली अप्पांचा प्रत्येक सूर बरोबर बसला. माझ्या अंगावर काटा आला हो. ती चाल सजवलेली साडी होती आणि मी इतके दिवस नुसता काठच बघत होते.

पुढे मला वाटलं तेच आठ सूर परत येतील, तर नाही आले. अप्पांनी हात उचलला, ऐकलं, तीन-चार वेळा मागे घ्यायला लावलं. मग स्वतःच म्हणाले, सोळाव्याला हा पंचमावर जाऊन बसतोय, पंचमालाच सा केलंय त्याने. चोविसाव्याला धैवतावर. आणि बत्तिसाव्याला घरी. एवढं त्यांना कागदाशिवाय सापडलं. बरोबर आहे का हे, खर्जातला_सा?

खर्जातला_सा
तंतोतंत. अप्पांना माझा नमस्कार सांगा. मला हे पुस्तकात वाचून कळलं होतं.

अर्धा_कप
सांगते. मग आम्ही पहिलं व्हेरिएशन लावलं. वरती एवढी पळापळ, पण या वेळी मला खालचा उतार कळला, सा नी ध प. तिसरं अर्धं कळलं. पंचवीस लावलं तेव्हा अप्पांनी पेटी मिटली आणि नुसतं ऐकलं. संपल्यावर काही बोलले नाहीत, चहा मागितला.

आता रोज संध्याकाळी भजनाच्या आधी दोन-दोन व्हेरिएशन्स लावायला सांगतात. काल अकरा-बारापर्यंत आलो. एकच तक्रार आहे त्यांची. मधेच मला थांबवून विचारलं, "हा मागे गुणगुणतोय कोण? त्याला बाहेर काढा, सुरात नाहीये."

खुर्ची_मोडकी
अप्पा!!!